पेटी नव्हती त्या दिवशीचा भूप : एक प्रकरण अभ्यास

मी गेली बावीस वर्षं सदाशिव पेठेत राहत्या घरी गाणं शिकवते. ज्या विद्यार्थिनीबद्दल लिहिते आहे ती सत्तावीस वर्षांची आहे, कोथरूडला आईवडिलांकडे राहते, सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करते. मंगळवार आणि शनिवार असे आठवड्याचे दोन दिवस वनाझला मेट्रोत बसून डेक्कनला उतरते आणि लकडी पूल ओलांडून चालत माझ्याकडे येते. चार वर्षांत तिने जेमतेम सहा-सात वेळा क्लास बुडवला असेल. गाण्याच्या परीक्षांपैकी 'प्रवेशिका पूर्ण' पहिल्या वर्गात झाली होती, त्यापुढच्या 'मध्यमा प्रथम'ची तयारी चालू होती. गुणी मुलगी. तिला विचारूनच हे लिहिते आहे, नाव मात्र मुद्दाम घालत नाही.

गेल्या वर्षी गुरुपौर्णिमेच्या आमच्या घरगुती कार्यक्रमात तिचं गाणं पार बिघडलं. का बिघडलं हे शोधताना तिच्या रियाजाइतकंच माझं शिकवणंही तपासावं लागलं. गाणं शिकणाऱ्या बऱ्याच जणांचं नेमकं हेच होत असतं आणि वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही, म्हणून सगळं सविस्तर सांगते.

काय झालं

नारायण पेठेतला छोटा हॉल, बाहेर धो धो पाऊस. पेटीची, म्हणजे हार्मोनियमची, साथ करणारे दादा सिंहगड रस्त्यावर अडकलेले आणि पेटीही त्यांच्याच गाडीत. मंडळी येऊन बसली होती, हॉल नऊपर्यंतच मिळाला होता. मी म्हटलं, पेटीवाचून काय अडतं, तंबोरा आहे, तबला आहे, सुरू करू. पहिल्या दोन लहान मुली गाऊन गेल्या आणि तिसरी ही बसली. राग भूप, मध्यलय तीनताल. तिचा सगळ्यात पक्का राग. "ताई, भूप तर माझा दोन वर्षांपूर्वीच झालाय," असं ती म्हणायची.

षड्ज, म्हणजे सा, छान लागला. मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातल्या, धैवतावर जाऊन परत आली, तेही बरं होतं. मग 'सा रे ग' म्हणून गंधारावर थांबली, आणि तो गंधार किंचित चढा लागला. तिला ते जाणवलं, पण कुठल्या बाजूला चुकलंय ते कळेना. म्हणून तिने जोर दिला आणि तो आणखी चढला. भूपात गंधार हा वादी, म्हणजे मुख्य स्वर, फिरून फिरून तिथेच येऊन थांबायचं असतं. त्यामुळे दर खेपेला तीच ठेच. तालाच्या तिसऱ्या-चौथ्या आवर्तनात षड्जही जागचा हलला. तबलजीने माझ्याकडे पाहिलं. तिने अंतरा कसाबसा म्हटला, ताना घेतल्याच नाहीत, नमस्कार करून उठली. नंतर हॉलच्या मागच्या बाजूला, चपला काढतात त्या कोपऱ्यात, ओल्या छत्र्यांच्या मधे ती रडत बसलेली मला दिसली.

दोन दिवसांनी तिच्या आईचा फोन आला. "अहो ताई, ती क्लास सोडायचं म्हणतेय. चार वर्षं शिकून एक भूप गाता येत नाही, मग काय उपयोग, असं म्हणते. तुम्ही जरा समजवा."

मी समजावलं नाही. एवढंच म्हटलं की शनिवारी तिला पाठवा, गाऊ नको म्हणावं, नुसती ये.

चूक कुठे होती

त्या शनिवारी आम्ही गायलो नाही, ऐकलं. तिच्या फोनमध्ये माझ्या क्लासची दीडशेच्या आसपास रेकॉर्डिंग्ज होती. जून महिन्यातलं भूपाचंच एक लावलं. त्यात तिचं गाणं अगदी सुरेल होतं. तीच बंदिश, तोच गंधार. ती म्हणाली, "बघा ना ताई, येतं ना मला. त्या दिवशी नर्व्हस झाले."

मलाही आधी तसंच वाटलं. पण तिसऱ्यांदा ऐकताना एक गोष्ट कानाला खटकली. प्रत्येक स्वराच्या वेळी पेटीचा स्वर आधी येत होता आणि तिचा मागून. फरक अगदी निमिषाचा, पण कायम. पेटीने गंधार धरला की ती येऊन त्याला टेकायची. पेटी पंचमावर गेली की ती पंचमावर. पेटीवर बोटं माझी होती. चार वर्षं मी तिच्या पुढे पुढे वाजवत होते आणि ती माझ्या बोटांमागून चालत होती. तिने स्वतःहून स्वर शोधला असा प्रसंग माझ्या क्लासमध्ये आलाच नव्हता. हा दोष माझा आहे आणि तो तिला त्याच दिवशी तसाच सांगितला.

मग विचारलं, घरी रियाज कसा करतेस ते खरं खरं सांग. ती थोडा वेळ गप्प बसली. मग कळलं ते असं: क्लासच्या आदल्या दिवशी वीस-पंचवीस मिनिटं, तीही माझं रेकॉर्डिंग लावून त्याच्यासोबत गायचं. एरवी मेट्रोत इयरफोन घालून तेच ऐकायचं. स्वतःचं गाणं रेकॉर्ड करून तिने कधीच ऐकलं नव्हतं. म्हणजे क्लासमध्ये पेटीचा आधार आणि घरी माझ्या आवाजाचा. नुसत्या तंबोऱ्यावर एकटीने गाण्याची पहिली वेळ गुरुपौर्णिमेला आली, तीही साठ माणसांसमोर.

इथे थोडं मागे जाऊन बोलायला हवं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि गाणं घराण्याच्या उंबऱ्याबाहेर, वेळापत्रकाच्या वर्गात आणलं. त्यांचे शिष्य विनायकराव पटवर्धन यांनी १९३२ साली पुण्यात तेच रोप लावलं. त्यामुळेच आज तुमच्या-माझ्यासारख्या घरांतल्या मुली गाणं शिकू शकतात, हे ऋण फार मोठं आहे. पण गुरूच्या घरी राहून शिकणारा शिष्य गुरूचा रियाज पहाटेपासून ऐकायचा, तंबोरे जुळवायचा, स्वतःचा रियाज गुरूच्या कानावर पडेल असा करायचा. वर्गात यातलं काहीच होत नाही. पाऊण तासाचे दोन क्लास म्हणजे आठवड्याचा दीड तास. उरलेल्या वेळात विद्यार्थी काय करतो ते गुरूला दिसत नाही, आणि विद्यार्थी ते आपणहून सांगत नाही. तिने चार वर्षं सांगितलं नव्हतं, मीही नीट विचारलं नव्हतं. 'रियाज झाला का' असं विचारलं की 'हो' एवढंच उत्तर येतं.

स्वयंभू गंधार

पुढच्या मंगळवारी पेटीवर खोळ घातली आणि ती कपाटात ठेवली. माझ्याकडे मिरजेचा जुना तंबोरा आहे, तो काढला. त्याआधी तिची पट्टी, म्हणजे सा कुठे धरायचा ती उंची, बदलली. बरोबरीची एक मुलगी काळी पाचमध्ये, म्हणजे पेटीची पाचवी काळी पट्टी सा धरून, गाते म्हणून हीसुद्धा दोन वर्षांपासून काळी पाचमध्ये गात होती आणि तार षड्जापुढे गळा आवळत होती. तिला काळी चारवर आणलं. पट्टी ही आपल्या गळ्याची असते, मैत्रिणीच्या नाही. मंद्र पंचम स्पष्ट ऐकू येतो आणि तार गंधार-मध्यमापर्यंत मान न ताणता जाता येतं, ती आपली पट्टी.

तंबोरा जुळवायला तिला वीस मिनिटं लागली. चार वर्षांत तिने खुंटीला हात लावला नव्हता. जोडीच्या तारा षड्जावर आल्या, पंचम आला, खर्ज, म्हणजे खालच्या सा ची तार, मात्र काही केल्या बसेना. तारांमधले मणी थोडे वरखाली केले, जवारीचा, म्हणजे घोडीवर तारेखाली असतो तो, दोरा केसभर सरकवला आणि तार एकदम बोलायला लागली. मी म्हटलं, आता डोळे मिट, कान भोपळ्याजवळ ने आणि नुसती खर्जाची तार ऐक. तिच्यातून आणखी कोण गातंय ते मला सांग.

पहिल्या दिवशी तिला फक्त पंचम ऐकू आला. शनिवारी पुन्हा बसवलं, तेव्हाही तेवढंच. त्याच्या पुढच्या मंगळवारी तार छेडून बराच वेळ ती गप्प होती, आणि मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "ताई, वर कुणीतरी ग म्हणतंय."

हाच स्वयंभू गंधार. खर्जाची तार नीट जुळली असेल तर तिच्या मूळ कंपनाच्या पाचपटीचा नाद वरच्या सप्तकात बारीक ऐकू येतो, आणि तो असतो शुद्ध गंधार. तो कुणी लावत नाही, तारेतून आपोआप निघतो. आपल्या गाण्यात गंधार कुठे लावायचा याचा पुरावा तंबोराच देत असतो. तो ऐकायला शिकावं लागतं, एवढंच.

ती इंजिनिअर, म्हणून तिला आकड्यांतही दाखवलं. काळी चारचा खर्ज साधारण १०३.८ हर्ट्झचा. त्याची पाचपट ५१९. पेटीवर तार सप्तकातला गंधार दाबला तर तो ५२३ च्या आसपास, कारण पेटीच्या सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग मानले, तर पेटीचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातल्या गंधारापेक्षा चौदा भागांनी चढा असतो. पंचमात हा फरक जेमतेम दोन भागांचा, म्हणून तिथे कळत नाही. त्या दिवसापुरती पेटी कपाटातून काढली, तंबोरा चालू ठेवून तो गंधार दाबला आणि तिला म्हटलं, मोज. हवेत झोके ऐकू येत होते, सेकंदाला चार. तिने बोटावर मोजले आणि हसली. जूनच्या रेकॉर्डिंगमध्ये जो गंधार आम्हाला सुरेल वाटला होता तो पेटीशी सुरेल होता, तंबोऱ्याशी नव्हता.

पेटी वाईट, असं मला म्हणायचं नाही. साथीला पेटी असावी, तिने मैफिलीला रंग येतो. पण शिकायच्या वयात तिच्यावर कान तयार झाला तर भूप, यमन, बिहाग यांचा गंधार कायम थोडा चढा बसतो आणि नंतर उतरवताना फार कष्ट पडतात. चौदा भागांचा फरक एक वेळ चालूनही जाईल. खरी अडचण अशी, की स्वर शोधायची तिला सवयच नव्हती. आधार गेला आणि हाताशी काही उरलं नाही.

घरचा रियाज

मग आम्ही तिचा दिवस मांडला. सकाळी साडेसहा ते सात एवढीच वेळ तिच्या हातात होती. शेजारच्या फ्लॅटमध्ये लहान बाळ, म्हणून मोठ्याने गाणं शक्य नव्हतं, आणि ते एका अर्थी बरंच झालं. सकाळी खर्जात, मध्यम आवाजात गायलेलं गळ्याला मानवतं. रोज पंचवीस मिनिटं ठरली. आठवड्यातून एकदा दोन तास बसण्यापेक्षा रोजची पंचवीस मिनिटं कितीतरी जास्त काम करतात, हे मी शेकडो मुलांत पाहिलं आहे.

तंबोरा तिच्याकडे नव्हता. मोबाईलवरचं तंबोऱ्याचं ॲप चालतं, पण फोनच्या स्पीकरमधून खर्ज नीट बाहेरच पडत नाही, आणि खर्ज नाही तर गंधार कुठून येणार? घरात टीव्हीला जोडलेला स्पीकर होता, तो सकाळी तिच्या खोलीत न्यायचा ठरला. आवाज इतकाच, की स्वतःचा गळा तंबोऱ्यात बुडणार नाही.

पहिली दहा मिनिटं षड्ज आणि तिथून मंद्र पंचमापर्यंत, आकारात, म्हणजे नुसतं 'आ' म्हणत, दम पुरेल तेवढा लांब. पुढची दहा मिनिटं फक्त गंधार. षड्जावरून गंधार, रिषभावरून गंधार, मग पंचमावरून खाली गंधार. प्रत्येक वेळी आधी थांबायचं, मनात स्वर ऐकायचा, मग तोंड उघडायचं. हे थांबणं तिला सगळ्यात जड गेलं. सुरुवातीला ती हमखास खालून घसरत यायची, पेटीच्या मागून यायची तशीच. शेवटची पाच मिनिटं भूपाची एकच जागा, 'ग रे, सा ध, सा रे ग', यातला धैवत मंद्र. ती संथ गाऊन रेकॉर्ड करायची.

रेकॉर्डिंग त्याच दिवशी ऐकायचं नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी रियाजाआधी ऐकायचं. लगेच ऐकलं की आपण काय गायला गेलो होतो तेच ऐकू येतं. एका रात्रीनंतर कान जरा परका होतो. ऐकून वहीत एकच ओळ लिहायची, आणि त्यात 'छान' किंवा 'वाईट' हे शब्द चालणार नाहीत. कुठला स्वर, कुठून येताना, वर की खाली, एवढंच. तिची वही मी पाहते. पहिल्या आठवड्यातली एक ओळ अशी आहे: "प वरून येताना ग खाली बसलाच नाही, मधेच लटकला." चार वर्षांत तिने गाण्याबद्दल मला सांगितलेली ही सगळ्यात उपयोगाची गोष्ट. त्या एका ओळीवर पुढचा अख्खा क्लास झाला.

क्लासमध्येही बदल केले. पूर्ण क्लासचं रेकॉर्डिंग बंद. शेवटच्या पाच मिनिटांत आज काय केलं ते ती गाऊन दाखवते, तेवढंच रेकॉर्ड होतं, तिच्या आवाजात. पाऊण तासातली पहिली दहा मिनिटं ती एकटी गाते, मी फक्त ऐकते. हे मला अवघड गेलं. चुकताना दिसलं की हात पेटीकडे जातो, पेटी नसली तर तोंडातून स्वर निघतो. दोन-तीनदा तिनेच म्हटलं, "ताई, थांबा ना, मी शोधते."

यूट्यूबवर बघून आणखी एका गायिकेच्या भूपातल्या ताना ती बसवत होती, त्या तूर्त बाजूला ठेवायला सांगितलं. ऐकायला मनाई नाही, भरपूर ऐकावं. पण एका वेळी दोन ठिकाणांहून उचललं तर दोन्ही अर्धवट राहतं. शिवाय त्या तानांमध्ये ती धैवतावर इतकी रेंगाळत होती की भूपाचा देशकार राग व्हायला लागला होता. स्वर तेच पाच, पण वजन धैवतावर गेलं की राग बदलतो, वेळसुद्धा संध्याकाळची सकाळ होते. स्वर पाठ झाले म्हणजे राग 'झाला' असं नसतं, हे तिला या निमित्ताने पहिल्यांदा पटलं.

पुढे

पहिले तीन आठवडे तिचं गाणं आधीपेक्षा वाईट झालं. हे आधी सांगून ठेवलं होतं म्हणून बरं, नाहीतर ती तेव्हाच गेली असती. आधार काढला की पाय लटपटतातच. मधे एकदा घसा बसला, तेव्हा चार दिवस रियाज पूर्ण बंद ठेवला आणि तेवढ्यात सुटला. घसा तीन-चार आठवड्यांनंतरही बसलेलाच असेल तर हळद-दुधावर न थांबता कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावं, हे मी माझ्या सगळ्या मुलांना सांगते. बसलेल्या घशावर रियाज रेटणं ही हिंमत नव्हे, नुकसान आहे.

क्लास सोडण्याबद्दल मात्र आम्ही मोकळेपणाने बोललो. मी तिला म्हटलं, जायचं असेल तर जरूर जा, पण एका फसलेल्या कार्यक्रमामुळे जाऊ नकोस. गुरू तासभर स्वतःच गात बसत असेल, तुझी चूक नेमकी कुठली ते सांगू शकत नसेल, किंवा शिकवल्यानंतर तुझा गळा रोज दुखत असेल, तर ते सोडायचं कारण आहे. यातलं दुसरं कारण माझ्याबाबतीत त्या जूनपर्यंत खरं होतं, हेही तिला सांगितलं. ती थांबली.

डिसेंबरात आम्ही पाच-सहा जणी सवाईला, म्हणजे सवाई गंधर्व महोत्सवाला, गेलो, मुकुंदनगरला. भीमसेनजींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केलेला हा महोत्सव पुणेकरांच्या घरचाच. एरवी कलाकार बसला की तंबोरे जुळेपर्यंतच्या वेळात मंडळी चहा, वडापाव आणायला उठतात. ह्या वेळी मी कुणालाच उठू दिलं नाही. ती वेळ शिकणाऱ्याच्या दृष्टीने सोन्याची. कलाकार मान कलती करून कुठली तार पुन्हा छेडायला सांगतो, कधी समाधानाने मान हलवतो, ते बघायचं. भारतीय बैठकीत माझ्या शेजारी बसलेल्या हिने एकदा माझा हात दाबला. मंचावरचे दोन्ही तंबोरे एक झाले होते आणि तिला तो गंधार मंडपात, एवढ्या गर्दीत ऐकू आला होता.

सगळं सुधारलं असं नाही. ताना अजून ताठ आहेत, लय वाढली की जबडा घट्ट होतो. तालाचं तर आता कुठे सुरू केलंय. तबल्याच्या ॲपवर समेला, म्हणजे पहिल्या मात्रेवर, बरोबर येणारी ती, ॲप बंद करून नुसत्या हाताने सोळा मात्रा धरल्या की नवव्या मात्रेच्या 'खाली'पाशी (जिथे टाळी न देता हात बाजूला करतात) गोंधळते. तोही आधाराचाच प्रकार. नोव्हेंबरच्या सत्रातली मध्यमा प्रथम आम्ही पुढे ढकलली. तिच्या वडिलांना ते फारसं रुचलं नाही, वर्ष वाया जातं असं त्यांचं म्हणणं.

पेटी जानेवारीत कपाटातून काढली. आता तिच्या क्लासमध्ये मी वाजवते तेव्हा तिच्या मागून वाजवते, आणि गंधारावर ती थांबली की बोट उचलते. सध्या यमन चालू आहे. तंबोऱ्याची पंचमाची तार निषादावर आणून गातो आहोत. तीव्र मध्यम, म्हणजे चढा म, तिला अजून सापडलेला नाही, पंचमाच्या ओढीने तो वर सरकतो. परवाच्या शनिवारी वहीत ओळ होती: "म वर जातोय हे गातानाच कळलं, पण सोडवता आलं नाही." मंगळवारी तिथूनच सुरू करायचं आहे.